आडवा घातलेला पाय

शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या. तारीख १६ मे २०१०, स्थळ बार्बाडोसमधील ब्रिजटाऊनचे केन्सिंग्टन ओव्हल, आणि सामना महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम. ऑस्ट्रेलियाने वीस षटकांत कशाबशा १०६ धावा जमवल्या होत्या. समोर न्यूझीलंडची सोफी डिव्हाईन होती, जिच्या बॅटवर चेंडू नीट आला तर गोलंदाजाची धडगत नसते. धावत येणारी गोलंदाज एकोणीस वर्षांची एलिस पेरी होती. डिव्हाईनने चेंडू आल्या वाटेने परत धाडला, सरळ आणि सणसणीत. तो तसाच गेला असता तर चौकार मिळून धावसंख्या बरोबरीत आली असती. चेंडू टाकल्यानंतरच्या झोकात पुढे आलेल्या पेरीने उजवा पाय आडवा घातला. चेंडू बुटावर आदळला, त्याची दिशा बदलली आणि तो मिड-ऑनकडे गेला, जिथे लिसा स्थळेकर उभी होती. लिसाचा जन्म पुण्याचा, त्यामुळे आपल्याकडे या प्रसंगाची आठवण निघाली की ती बाब हमखास सांगितली जाते. एकच धाव निघाली आणि ऑस्ट्रेलियाने तीन धावांनी विश्वचषक जिंकला. १८ धावांत ३ बळी घेणारी पेरी सामन्याची मानकरी ठरली.

त्या चेंडूचे चित्रीकरण मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यातला प्रेक्षकांचा गलका कोणत्या क्षणी वाढतो तेही मला पाठ झाले आहे. दरवेळी माझी नजर त्या पायावर खिळते. सरळ अंगावर आलेल्या फटक्याला क्रिकेटपटू सहसा वाकून हात लावायला जातो आणि बहुतेकदा त्याला उशीर होतो. तो पाय मात्र अजिबात उशिरा आला नाही. तो एखाद्या बचावपटूचा पाय होता, गोलच्या तोंडाशी आलेला फटका अडवण्यासाठी आपसूक पुढे होणारा. हे ठरवून केलेले नव्हते हे उघडच आहे, कारण ठरवायला तेवढा वेळच नव्हता. पेरी त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचीही खेळाडू होती, ही एक गोष्ट ठाऊक असली की त्या पायाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

अर्थात, यात माझाही थोडा हट्ट आहे. फुटबॉलशी काडीचाही संबंध नसलेले गोलंदाज रोज पाय घालतात, आणि त्यातले निम्मे चेंडू असल्या-नसल्या क्षेत्ररक्षकाला चकवून भलतीकडेच जातात. मिड-ऑनऐवजी तो चेंडू मोकळ्या जागेत गेला असता तर पेरीचा हाच पाय अजूनही तिच्या नावाने हळहळत आठवला गेला असता. तरीही ज्या खेळाडूच्या आयुष्यात दोन खेळ एकमेकांत इतके मिसळले होते, तिच्या बाबतीत हा एक प्रसंग निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यायला माझे मन तयार होत नाही.

पेरीचे दोन्ही आंतरराष्ट्रीय प्रवास सोळाव्या वर्षी सुरू झाले. जुलै २००७ मध्ये डार्विन येथे न्यूझीलंडविरुद्ध तिने ऑस्ट्रेलियाकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, ती हाँगकाँगविरुद्धच्या ऑलिम्पिक पात्रता सामन्यात राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या पोशाखात मैदानात उतरली आणि पदार्पणातच तिने गोल केला. ती तेव्हा सिडनीत शाळेत शिकत होती. एकाच पंधरवड्यात दोन खेळांत देशाकडून खेळलेल्या मुलीला सोमवारी वर्गात गृहपाठ तपासून घ्यावा लागत असेल, या कल्पनेची मला गंमत वाटते.

आपल्या भाषेत अशा माणसांविषयी फारसे चांगले बोलले जात नाही. दोन दगडांवर पाय ठेवू नये, एक ना धड भाराभर चिंध्या, ज्याचे त्याने एक काहीतरी धरावे, ही वाक्ये आपण शहाणपणाची म्हणून मुलांच्या कानांवर घालत असतो. नववीत असताना माझे नाव शाळेच्या फुटबॉलच्या आणि खो-खोच्या अशा दोन्ही याद्यांत लागले होते. आमच्या खेळाच्या शिक्षकांनी दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या, पेन उघडले, क्षणभर विचार केला आणि फुटबॉलच्या यादीतल्या माझ्या नावावर एक सरळ रेघ ओढली. त्यांनी मला काही विचारले नाही, आणि मीही काही बोललो नाही. त्या दोन स्पर्धांच्या तारखा वेगवेगळ्या महिन्यांत होत्या, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी लक्षात आले. माझ्या बाबतीत खेळाचे काहीही नुकसान झाले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण निवड करावी लागते म्हणजे नेमके काय होते, निवड कोण करते आणि ती कोणत्या कारणाने करावी लागते, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला, आणि पेरीच्या कारकिर्दीकडे मी त्या प्रश्नासाठी वारंवार वळत आलो आहे.

दोन खेळ खेळणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि तिचे मूळ हवामानात आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल हिवाळ्याचे आणि क्रिकेट उन्हाळ्याचे. एका खेळाचा हंगाम संपत आला की दुसऱ्याचा सुरू होत असे, त्यामुळे धडधाकट माणसाला बाराही महिने काम मिळे. डेनिस कॉम्प्टनने १९४७ च्या एकाच उन्हाळ्यात ३,८१६ धावा आणि १८ शतके केली आणि त्याच काळात तो आर्सेनलकडून फुटबॉलही खेळत होता. १९५० मध्ये त्याने आर्सेनलबरोबर एफए चषक जिंकला. आर्थर मिल्टन फुटबॉल आणि क्रिकेट या दोन्हींत इंग्लंडच्या मुख्य पुरुष संघाकडून खेळणारा शेवटचा खेळाडू. १९५८ मध्ये त्याने कसोटी पदार्पणात न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०४ धावा केल्या, आणि खेळ थांबल्यावर ब्रिस्टलमध्ये पोस्टमनची नोकरी केली. दोन खेळांत देशाकडून खेळलेला माणूस सायकलवरून पत्रे वाटत फिरतो, यातून त्या काळच्या खेळाडूच्या मिळकतीचा जो अंदाज येतो तो कुठल्याही आकडेवारीतून येणार नाही.

हे दोन हंगाम जिथे एकमेकांना शिवत, तिथे मोठी धांदल उडे. १५ सप्टेंबर १९७५ रोजी ख्रिस बाल्डरस्टोन चेस्टरफील्डमध्ये लेस्टरशायरकडून डर्बीशायरविरुद्ध फलंदाजी करत होता. दिवसाचा खेळ संपला तेव्हा तो ५१ धावांवर नाबाद होता. पॅड सोडून तो मोटारीने डॉनकास्टरला गेला, त्या रात्री डॉनकास्टर रोव्हर्सकडून ब्रेंटफोर्डविरुद्धचा फुटबॉल सामना खेळला, तो १-१ असा बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन त्याने आपले शतक पूर्ण केले. त्याच सामन्यातून लेस्टरशायरने आपले पहिले काउंटी अजिंक्यपद पक्के केले. पुढच्या वर्षी वेस्ट इंडिजविरुद्ध त्याला दोन कसोटी सामने मिळाले, आणि त्यांतल्या दुसऱ्यात, ओव्हलवर, मायकेल होल्डिंगने दोन्ही डावांत शून्यावर त्याचा त्रिफळा उडवला. बाल्डरस्टोनची ती रात्र सगळे सांगतात, हे दोन भोपळे कोणी सांगत नाही. मला मात्र दोन्ही एकाच माणसाचे म्हणून एकत्र सांगावेसे वाटतात.

आपल्याकडचे नाव चुनी गोस्वामींचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघाचे ते कर्णधार, आणि पुढे १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचेही कर्णधार. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मात्र ते खेळले नाहीत. महिलांमध्ये पेरीच्या आधी इंग्लंडची क्लेअर टेलर होती, जी १९९३ च्या क्रिकेट विश्वचषक विजेत्या संघात होती आणि १९९५ च्या फुटबॉल विश्वचषकातही खेळली. तिच्या काळात महिलांच्या दोन्ही खेळांत जवळपास पैसाच नव्हता, त्यामुळे दोन्ही खेळ खेळू नकोस असे सांगण्याचा अधिकारही कोणाकडे नव्हता.

या शेवटच्या वाक्यात पेरीच्या कारकिर्दीची किल्ली आहे असे मला वाटते. ऑस्ट्रेलियातील महिलांची राष्ट्रीय फुटबॉल लीग, म्हणजे डब्ल्यू-लीग, २००८ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. पेरी आधी सेंट्रल कोस्ट मरीनर्सकडून, मग कॅनबेरा युनायटेडकडून आणि नंतर सिडनी एफसीकडून त्या लीगमध्ये खेळली. लीगला व्यावसायिक म्हणावे तर खेळाडू दिवसा नोकरी किंवा शिक्षण करत होत्या, आणि हौशी म्हणावे तर करार, सराव आणि दूरचित्रवाणी हे सगळे होते. अशा मधल्या अवस्थेला आपण अर्ध-व्यावसायिक म्हणतो, पण त्या शब्दातला 'अर्ध' हा भाग फारसा कोणी उलगडून पाहत नाही. डब्ल्यू-लीगमध्ये किमान मानधन म्हणून ठरलेली रक्कम आली ती २०१७-१८ च्या हंगामात, आणि तीही संपूर्ण हंगामासाठी १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याआधीची नऊ वर्षे त्या देशातल्या अव्वल फुटबॉलपटू खेळत होत्या, धावत होत्या, पडत होत्या, गुडघे फोडून घेत होत्या, आणि उपजीविकेसाठी आणखी काहीतरी करत होत्या. पेरीचे ते आणखी काहीतरी म्हणजे क्रिकेट होते, आणि तिथली परिस्थितीही तेव्हा फार निराळी नव्हती.

पैसा कमी असला की हक्कही कमी असतो. ज्या संघटनेने खेळाडूला वर्षभराचा पगार दिलेला नाही, तिला त्या खेळाडूचे वर्ष मागता येत नाही. पेरीला मिळालेली मोकळीक मला कोणाच्या उदारपणातून आलेली दिसत नाही. दोन्हींपैकी कोणत्याही खेळाला तिला पूर्ण विकत घेणे परवडत नव्हते, एवढाच तिचा उगम आहे. त्यामुळे तिच्या दुहेरी कारकिर्दीचे कौतुक करताना आपण नकळत त्या काळातल्या गरिबीचेही कौतुक करत असतो, ही अडचण मला अजून पूर्ण सोडवता आलेली नाही.

इंग्लंडमधल्या जुन्या मंडळींना जी सोय होती ती पेरीला नव्हती, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. ऑस्ट्रेलियात क्रिकेट उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्चमध्ये असते, आणि डब्ल्यू-लीगही त्याच उन्हाळ्यात खेळवली जात असे. कॉम्प्टनचे दोन खेळ एकामागून एक येत. पेरीचे दोन्ही एकाच वेळी, कधी कधी एकाच शनिवार-रविवारी येत. शरीराच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. फुटबॉलमध्ये सलग पळावे लागते, दर काही सेकंदांनी दिशा बदलावी लागते, आणि घोटा सतत वळत असतो. वेगवान गोलंदाजीत उलट, थोड्या-थोड्या वेळाने एकच हालचाल अतिशय जोराने करावी लागते. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा डावा पाय प्रत्येक चेंडूला खेळपट्टीवर आदळतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. एकात दमाची परीक्षा, दुसऱ्यात हाडांची. दोन्ही परीक्षा एकाच आठवड्यात देणाऱ्या मुलीचा घोटा कधी ना कधी तक्रार करणार, हे सांगायला वैद्य लागत नाही.

पण त्या तक्रारीच्या आधी जर्मनी येते. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, १० जुलै रोजी ऑग्सबर्ग येथे, ऑस्ट्रेलिया स्वीडनविरुद्ध दोन गोलांनी मागे होती. मध्यंतर व्हायला काही मिनिटे होती. कॉर्नर लहान घेतला गेला, चेंडू पेरीकडे आला आणि पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरूनच तिने तो असा वळवून मारला की तो थेट जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला. पेरी मुळात बचावात खेळणारी, गोल करणे हे तिचे काम नव्हे, आणि तरीही त्या स्पर्धेतल्या देखण्या गोलांची आठवण निघाली की हा गोल हटकून आठवतो. ऑस्ट्रेलिया पुढे ३-१ अशी हरली. तरी त्या गोलाने क्रिकेट आणि फुटबॉल अशा दोन्ही विश्वचषकांत खेळणारी पहिली ऑस्ट्रेलियन ही तिची नोंद निव्वळ हजेरीपुरती उरली नाही. त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघातल्या तिच्या मैत्रिणी इंग्लंडमध्ये मालिका खेळत होत्या, आणि ती जर्मनीत होती. दोन दगडांवर पाय ठेवणे म्हणजे प्रत्येक वेळी एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारणे, आणि उडी मारताना पहिल्या दगडावर आपली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळणे.

या उड्यांची किंमत क्लबांनाही मोजावी लागत होती, आणि त्यांची बाजू मला अगदीच चुकीची वाटत नाही. दहा-बारा सामन्यांचा हंगाम, त्यात तीन-चार सामन्यांना एक खेळाडू क्रिकेटसाठी नाही, सरावाला अधूनमधून येते, अशा परिस्थितीत कोणताही प्रशिक्षक अस्वस्थ होईल. २०१२ मध्ये कॅनबेरा युनायटेडने तिच्याकडून फुटबॉलला प्राधान्य मिळावे अशी अपेक्षा ठेवली. पेरीने ते मान्य केले नाही आणि ती सिडनी एफसीकडे गेली, जिथे तिला दोन्ही खेळ चालू ठेवता येणार होते. वर्तमानपत्रांनी त्या वेळी हा प्रकार 'फुटबॉल की क्रिकेट' अशा मथळ्याखाली रंगवला. मला त्यात आमच्या शाळेतल्या त्या दोन याद्या दिसल्या. फरक इतकाच, की इथे पेन उघडले गेल्यावर जिचे नाव होते तिने कागदच उचलून नेला.

त्यानंतर काही महिन्यांनी मी तिला प्रत्यक्ष पाहिले. १७ फेब्रुवारी २०१३, मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम, महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज. या विश्वचषकाचे काही सामने मुळात वानखेडेवर व्हायचे होते, पण त्याच सुमारास मुंबईचा पुरुष संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचल्याने ते इतरत्र हलवण्यात आले. विश्वचषकासाठी देशांतर्गत सामना हलवत नाहीत, देशांतर्गत सामन्यासाठी विश्वचषक हलवतात, ही गोष्ट आम्ही काही जण स्टँडमध्ये बसून एकमेकांना सांगत होतो आणि हसत होतो, पण ते हसणे फारसे खरे नव्हते. गर्दी अशी नव्हतीच. ज्या बाजूला मी बसलो होतो तिथे पाय पुढच्या खुर्चीवर टाकून बसता येत होते.

पेरीच्या घोट्याच्या हाडाला ताणामुळे बारीक चीर पडली होती आणि त्यामुळे ती आधीच्या सामन्यांना मुकली होती, हे सर्वांना ठाऊक होते. ऑस्ट्रेलियाने २५९ धावा केल्या, त्यात तिने शेवटी येऊन नाबाद २५ धावांची भर घातली, आणि धावताना तिचे पाऊल अंमळ जपून पडत आहे असे मला वाटले. मग तिच्या हाती चेंडू आला. ती धावत निघाली, खेळपट्टीजवळ आली आणि थांबली. चेंडू टाकलाच नाही. ती परत मागे गेली, पुन्हा धावत आली आणि पुन्हा थांबली. स्टँडमध्ये कोणीतरी 'झालं, गेली' असे म्हणाले, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले होते. तिसऱ्या खेपेला तिने पाय टेकवला आणि चेंडू टाकला. त्या पहिल्याच स्पेलमध्ये तिने तीन गडी बाद केले आणि वेस्ट इंडिजच्या डावाचा कणा तिथेच मोडला. तिची दहा षटके संपली तेव्हा तिच्या नावावर १९ धावांत ३ बळी होते. ऑस्ट्रेलियाने ११४ धावांनी विश्वचषक जिंकला, आणि पुढे पेरीला त्या घोट्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात जो विचार आला तो मला आजही थोडा क्रूर वाटतो. दुखऱ्या पायाने पुन्हा पुन्हा धावत येणारी ती मुलगी पाहताना, हा घोटा फुटबॉलने दुखावला की क्रिकेटने, याचा हिशेब मी मनात करत होतो. जणू दोन खेळांपैकी एकाला दोषी ठरवले की निवड सोपी झाली असती. शरीर असे खाते वेगवेगळे ठेवत नाही.

फुटबॉलच्या राष्ट्रीय संघाकडून पेरी एकूण १८ सामने खेळली आणि तिने ३ गोल केले. २०१३ नंतर ती त्या संघात पुन्हा दिसली नाही. क्लबकडून ती आणखी काही काळ खेळली. मग डिसेंबर २०१५ मध्ये महिलांची बिग बॅश लीग सुरू झाली, पेरी सिडनी सिक्सर्सची कर्णधार झाली, आणि त्या लीगचे सामने डब्ल्यू-लीगच्या ऐन हंगामातच येऊ लागले. आता दोन्हींकडे दूरचित्रवाणी होती, दोन्हींकडे प्रायोजक होते, दोन्हींना खेळाडू पूर्णवेळ हवे होते. २०१६ नंतर तिचे लीग फुटबॉल थांबले. यासाठी मोठी पत्रकार परिषद झाली नाही, निरोपाचा सामना झाला नाही. दारातून कोणी जाते तेव्हा दार वाजते, इथे दार हळूहळू लोटले गेले आणि एके दिवशी ते बंद असल्याचे लक्षात आले.

फुटबॉलच्या बाजूला त्याच काळात काय चालले होते तेही सांगितले पाहिजे. २०१५ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठून परतलेल्या ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉलपटूंनी, ज्यांना तिकडे प्रेमाने मटिल्डाज म्हणतात, त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर जायला नकार दिला. त्यांचा वार्षिक करार तेव्हा सुमारे २१,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, म्हणजे त्या देशात पूर्णवेळ काम करणाऱ्याला जे किमान वेतन मिळायला हवे त्यापेक्षाही कमी. क्रिकेटमध्ये २०१७ चा नवा करार झाला तेव्हा महिलांसाठीची एकूण तरतूद ७५ लाख डॉलरवरून ५ कोटी ५२ लाख डॉलरवर गेली. या आकड्यांसमोर उभे राहिले की पेरीने क्रिकेट निवडले असे म्हणायला माझी जीभ अडखळते. ती दोन्ही खेळांवर सारखेच प्रेम करत होती असे गृहीत धरले, तरी एका बाजूला रस्ता डांबरी झाला होता आणि दुसरीकडे अजून खडी टाकली जात होती.

डांबरी रस्त्यावर ती कुठवर गेली ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सुरुवातीची काही वर्षे ती मुख्यतः गोलंदाज होती, फलंदाजीला खालच्या क्रमांकावर येत असे. फुटबॉल मागे पडत गेला तशी ती फलंदाजीत वर सरकत गेली आणि मधल्या फळीचा कणा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नॉर्थ सिडनी ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध झालेल्या महिलांच्या पहिल्याच दिवस-रात्र कसोटीत तिने नाबाद २१३ धावा केल्या. द्विशतकाजवळ असताना तिने एक चेंडू उंच मारला, षटकार झाला असे समजून हेल्मेट काढले, बॅट उंचावली, मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, आणि मग रिप्लेमध्ये चेंडू दोरीच्या आतच टेकल्याचे दिसले. षटकाराचा चौकार झाला, हेल्मेट परत डोक्यावर चढले, आणि थोड्याच वेळात तिने पुन्हा एकदा, आता खरोखर, द्विशतक साजरे केले. एकदिवसीय क्रिकेटमधले तिचे पहिले शतक २०१९ मध्ये आले, पदार्पणानंतर जवळजवळ बारा वर्षांनी. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत १,००० धावा आणि १०० बळी असा दुहेरी टप्पा गाठणारी पहिली खेळाडू, पुरुष-महिला मिळून, तीच. मार्च २०२४ मध्ये भारतातल्या महिला प्रीमियर लीगमध्ये बेंगळुरूच्या संघाकडून मुंबईविरुद्ध १५ धावांत ६ बळी घेणारी आणि त्याच मोसमात सर्वाधिक धावा करणारीही तीच. पूर्णवेळ एका खेळाला दिला की काय होऊ शकते याचा हा पुरावा आहे, आणि जे खेळाडूला एक काहीतरी धरायला सांगतात त्यांना तो खुशाल दाखवता येईल.

तरीही तिच्या फलंदाजीत मला अधूनमधून ती जुनी बचावपटू दिसते. क्रीझमध्ये तिची पावले फार हलत नाहीत, पण हलतात तेव्हा वजन एका पायावरून दुसऱ्यावर अगदी न डगमगता जाते. कदाचित हेही मी माझ्या सोयीने पाहत असेन.

८ मार्च २०२० रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८६,१७४ प्रेक्षक आले होते. समोर भारताचा संघ होता. पेरी त्या सामन्यात खेळू शकली नाही, कारण काही दिवस आधी न्यूझीलंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिच्या मांडीचा मागचा स्नायू फाटला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यातील फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याला ७५,७८४ प्रेक्षक होते. ब्रेबोर्नवर पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसलेल्या मला हे दोन आकडे कोणी तेव्हा सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. मटिल्डाजच्या त्या संघातील तेवीस जणींची नावे मी एका संध्याकाळी सावकाश वाचून काढली, मग ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची यादी काढून शेजारी ठेवली. दोन्हींत असलेले एकही नाव मला सापडले नाही, आणि ते शोधत बसलेला मीच एकटा असेन असेही तेव्हा वाटून गेले.